बाचं लदीन

माझा बाप देवाशी लॅटिनमध्ये बोलायचा. आता त्याला लॅटिन येत होतं का? अजिबात नाही. चौथीत शाळा सोडलेला, वाडीत दुधी, वाल आणि मिरची लावणारा माणूस, त्याला लॅटिन कुठून येणार? पण त्याच्या बापाने म्हटलेलं त्याने लहानपणापासून ऐकलं होतं, आणि तो सगळा लांबलचक पाठ कुठेही न अडखळता त्याच्या घशात जाऊन बसला होता. अर्थ विचारला की म्हणायचा, "अर्थ त्याला ठावा हाय. आपण म्हणायचं."

आम्ही त्याला बा म्हणायचो आणि आईला आय. गाव आमचं गोराई. बोरीवलीच्या बाजूने खाडी ओलांडली की आलोच आम्ही, पण मधल्या त्या एवढ्याशा पाण्याने आमचं गाव मुंबईपासून चांगलं लांब ठेवलं होतं. बा बुटका होता. आवाज मात्र असा, की होडी सुटून पार मध्यावर गेली असली तरी बाने धक्क्यावरून हाक मारली की होडीवाला शिव्या देत देत वळवून आणायचा. वाडीतून तो आयला हाक मारायचा तेव्हा निम्म्या गावातल्या बायका "काय गो, काय झाला?" म्हणून दारात यायच्या.

मे महिन्यात रोज संध्याकाळी गावच्या क्रूसापुढे लदीन असायचं. लदीन म्हणजे मरियामातेची आळवणी. पुढे उभा राहणारा तिचं एकेक नाव घेतो आणि प्रत्येक नावामागून अख्खं गाव एकच उत्तर देतं, आमच्यासाठी विनंती कर. हे सगळं लॅटिनमध्ये. नंतर उकडलेले चणे वाटतात. लहान असताना मी चण्यांसाठी जायचे, उगाच खोटं कशाला बोलू? तर पुढे उभा राहणारा आमचा बा. आणि तो तिथे हौसेने उभा राहत नव्हता. तो नवस होता, आणि तो नवस माझ्यासाठी केलेला होता.

मी जन्मले तीच निळी पडून. रडेना, हलेना. सुईणीने उलटी धरून फटके मारले, आय तर माझी आशा सोडून भिंतीकडे तोंड करून पडली. बा धावत क्रूसापाशी गेला आणि पायरीला डोकं लावून त्याने शब्द दिला: पोर जगू दे, मी जिवंत असेपर्यंत मे महिन्याचं लदीन मीच म्हणेन. तो परत आला तेव्हा मी भोकाड पसरलेलं होतं. आय म्हणते, "जी तेव्हा वरडायला लागलीस ती आजून थांबली नायस." बरोबरच आहे. राग माझ्या नाकावर बसलेला असतो आणि बाचा आवाज माझ्यात उतरलाय, त्यामुळे मी चिडले की गावाला कळतं.

आय देवाशी वेगळ्या तऱ्हेने बोलायची. तिचं लॅटिन-बिटिन काही नाही. चुलीपुढे बसून, लुगड्याचा पदर खोचून, शेजारणीशी बोलावं तसं चालू असायचं. "बघ रे बाबा, आज बोंबील किती महाग दिले तिनं. तूच बघ." मासळी करपली तरी ती त्याला सांगायची. बाला ते आवडायचं नाही. देवाचा वेळ घालवते म्हणायचा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा बोरीवलीला पेनांच्या कारखान्यात कामाला होते, लग्नाचं वय झालेली, आणि लग्नाचा विषय काढला की भांडणारी. त्या नाताळात बाचा आवाज बसला. आम्हाला वाटलं, मिरची कुटताना ठसका लागला असेल. आयने ज्येष्ठमध दिलं, आलं दिलं, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला तरी आवाज बसलेलाच. मग मी त्याला जबरदस्तीने होडीत घालून बोरीवलीच्या डॉक्टरकडे नेलं. तिथून आम्हाला शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवलं.

तिथला डॉक्टर चांगला होता. त्याने काही लपवलं नाही. "काका, घशात गाठ आहे, वाईट जातीची आहे. स्वरयंत्र काढून टाकावं लागेल. वेळेवर काढलं तर जीव वाचेल."

"आनी आवाज?" बाने विचारलं.

"आवाज जाईल."

"परत कधी येल?"

"नाही येणार, काका."

बाने मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. "मंग नको," म्हणाला, आणि उठून चालायला लागला. मी डॉक्टरकडे बघतेय, डॉक्टर माझ्याकडे. मी पळत त्याच्या मागे गेले. होडीने परत निघालो. खाडीत वारा होता आणि बा गळ्याला पंचा गुंडाळून पाण्याकडे बघत बसला होता.

घरी आल्यावर मात्र माझं डोकं सटकलं. मी विचारलं, "का नको?" तो म्हणाला, "मी त्याला सबूद दिलाय. जिता असंपर्यंत लदीन म्हणीन म्हणून." मी म्हटलं, "अरे पण आवाजच ठेवलास तर जिता राहणारच नाहीस!" तो म्हणाला, "तोपर्यंत तरी म्हणीन." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सबूद मोडला आनी तुला काय झाला तर?"

तेव्हा मला खरं कळलं. माणूस गाठीला घाबरत नव्हता, माझ्यासाठी घाबरत होता. त्याच्या हिशेबात एका पारड्यात त्याचा आवाज आणि दुसऱ्या पारड्यात मी. म्हणजे तो मरणार, आणि मरणार ते माझ्यामुळे, आणि मी पुढे जन्मभर ते घेऊन जगायचं! मी इतकी चिडले की हातातलं भांडं आपटलं. "मी सांगितलं होतं का तुला नवस कर म्हणून?" आयने माझा दंड धरून मला मागच्या अंगणात नेलं. तिथे विहिरीच्या कठड्याला टेकून मी रडले. राग आणि रडू माझ्यात एकाच दारातून येतात.

आयने फादरना बोलावलं. आमचे फादर तेव्हा तरुण होते, वसईकडचे. गावाने लदीन मराठीत म्हणावं म्हणून ते आल्यापासून सांगत होते आणि गाव त्यांना चहा पाजून परत पाठवत होतं. ते ओट्यावर बाच्या शेजारी बसले. म्हणाले, "नवसातून मोकळं करायचा अधिकार चर्चने मला दिलाय. मी तुम्हाला मोकळं करतो."

बा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "फादर, रागावू नका. पन नवस मी तुमच्यापुढं केला नव्हता."

मला वाटलं फादर आता चिडणार. मी तरी चिडले असते. पण ते म्हणाले, "मग ज्याच्यापुढे केला त्यालाच विचारा ना. तुमच्या शब्दांत विचारा. तो तुमचा बाप आहे, बापाशी पाठ म्हणत नाही कोणी."

त्यानंतर रोज तेच. बा वाडीतून आला की ओट्यावर बसायचा, हातात रोजरीची माळ, तोंड उघडायचा आणि मिटायचा. एवढी वर्षं देवापुढे उभा राहिलेला माणूस, आणि त्याला स्वतःचं एक वाक्य त्याच्याशी बोलता येईना. पाठ येत होता, बोलणं येत नव्हतं. मीही शहाणी नव्हते. इस्पितळातून आल्यापासून मी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला नुसती उभी राहायचे, तोंडाला कुलूप. गाव उत्तर द्यायचं, मी देत नव्हते. देवाला वाटेल ते वाटो, म्हटलं.

ईस्टर झाला. डॉक्टरने सांगितलं होतं की थांबाल तर हात टेकू. एका दुपारी, गाव जेवून लवंडलं होतं तेव्हा, बा माझ्यापाशी आला. "मना नाय जमत गो," म्हणाला. "तू चल. माझ्यातर्फे तू भांड त्याच्याशी. तुला चांगला येतं."

मी म्हटलं, "आयला ने. ती रोज बोलते त्याच्याशी."

"तिला नको. ती अख्ख्या गावाचा सांगत बसंल. आपला राहून जाईल."

हसू की रडू मला कळेना. आम्ही क्रूसापाशी गेलो. रस्त्यावर कोणी नव्हतं. कोणाची तरी बकरी पायरीवर पुढचे पाय ठेवून क्रूसाच्या गळ्यातला झेंडूचा हार खात होती. तिला हाकललं, ती दोन पावलं सरकून परत उभी राहिली. बाने टोपी काढून हातात धरली आणि माझ्याकडे बघितलं, वकिलाकडे बघावं तसं.

मी सुरुवात जोरातच केली. म्हटलं, "हे बघ, मी काही आयसारखी नाही. तुझ्याशी बोलायचंसुद्धा बंद केलं होतं मी. पण बा घेऊन आलाय म्हणून विचारते. त्याने तुला शब्द दिला होता. आता आवाज काढून टाकला नाही तर तो मरतोय. मेल्यावरही लदीन म्हणायला तो येणार नाहीच. मग तुला पाहिजे तरी काय? सांग ना एकदा!"

बकरी हार चघळत होती. दुसरा काही आवाज नाही. मी आणखी बरंच ठरवून आले होते, घरून येताना मुद्दे जुळवले होते. पण वर बघितलं आणि त्यातलं काही आठवेना. तोंडातून निघालं ते वेगळंच. "मला भीती वाटते रे," मी म्हटलं. "याला काही झालं तर मी काय करू? आणि मला काही झालं तर हा काय करेल? मला नाही सांभाळता येत. याला पण नाही येत. दोघांना तुझ्याकडे देते. आता तू बघ." एवढंच. भांडायला आले होते आणि पदर पसरून उभी होते.

शेजारून बा म्हणाला, "आमेन." आवाज म्हणजे नुसती खरखर.

परत येताना तो माझ्या मागून चालत होता. वाडीच्या कुंपणापाशी आल्यावर म्हणाला, "पयल्यांदाच सगला समाजला गो."

काही उत्तर-बित्तर आलं नाही. आकाशवाणी झाली नाही, स्वप्न पडलं नाही, मी खोटं सांगणार नाही. रात्रभर आय मात्र कूस बदलत होती. सकाळी उठून बघते तर बा दाढी करून, धुवट सदरा घालून ओट्यावर बसलाय. "चल," म्हणाला. "कुठे?" म्हटलं. "इस्पितळात." मी विचारलं, "काय झालं? कळलं काही तुला?" तो म्हणाला, "नाय. पन त्यानं नाय म्हटला नाय." मग म्हणाला, "आपन खरा काय ते सांगितला. आता त्याच्याकडं हाय. परत परत काय इचारायचा?"

ऑपरेशनच्या दिवशी आय त्याच्या खाटेशी बसून म्हणाली, "अवो, एकदा लदीन म्हना. शेवटचा." वॉर्डात आजूबाजूचे चार पेशंट आमच्याकडे बघत होते. बाने मान हलवली. नको म्हणाला. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलेल, लक्षात ठेवावं असं. तेवढ्यात वॉर्डबॉय ढकलगाडी घेऊन आले. बा माझ्या पायांकडे बघत होता. "चप्पल घाल," म्हणाला. "लादी थंड हाय."

ते त्याचं शेवटचं बोलणं. मी चप्पल घातली, आणि गाडी आत गेल्यावर बाकावर बसून हमसून हमसून रडले.

बा वाचला. गळ्याला भोक पडलं, त्यातून श्वास जायचा यायचा, वर मलमलचा तुकडा बांधायचा. तो मे महिना इस्पितळातच गेला. गावात लदीन म्हणायला पलीकडच्या पाड्यावरचे एक म्हातारे आले आणि पुस्तकात बघून बघून त्यांनी ते कसंबसं ओढलं. घरी परत आणलं त्या दिवशी आम्ही धक्क्यावर पोचलो आणि होडी नुकतीच सुटलेली. बाने सवयीने छाती भरून घेतली, तोंड उघडलं. नुसती हवा. त्याचा हात तसाच वर राहिला. त्याचा चेहरा मला बघवेना. मग मी हाक मारली, अशी मारली की होडीवाला दचकला आणि शिव्या देत देत परत फिरला. बा खांदे हलवत हसायला लागला. होडीत चढताना त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली.

पण खरी कसोटी पावसाळ्यात आली. मला हिवताप भरला. गोराईत मच्छरांना काय तोटा, दरवर्षी कोणाला तरी भरतोच. पण ह्या वर्षी आमच्या घरात त्या तापाचा अर्थ वेगळा होता. मी गोधड्यांखाली कुडकुडत होते आणि बा खाटेच्या पायथ्याशी बसला होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं की मला माहीत आहे. आणि खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं. शब्द मोडला म्हणून? मग मी स्वतःलाच म्हटलं, बाई, तू दोघांना देऊन आलीस ना? दिलेली वस्तू अशी परत मागायची नसते. त्याला म्हटलं, "देवा, परत भीती वाटतेय. तुला सांगून ठेवते." त्याहून जास्त मला काही जमलं नाही. बा उठून क्रूसाकडे पळाला नाही, नवा नवस बोलला नाही. त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि तो तिथेच बसून राहिला. गोळ्यांनी ताप उतरला, उतरतो तसा. आयने पेज केली आणि चुलीपुढे बसून तिच्या त्या दोस्ताला म्हणाली, "हां, आता कसा?"

पुढच्या वर्षीचा मे आला. लदीनच्या पहिल्या संध्याकाळी बाने केसाला तेल लावलं, गळ्याला धुतलेला मलमलचा तुकडा बांधला आणि निघाला. आम्हाला वाटलं लोकांत बसेल. तो सरळ पुढे गेला, त्याच्या जागेवर. पुस्तकवाले म्हातारे आलेले होतेच, त्यांनी गोंधळून फादरांकडे बघितलं. फादरांनी खुणेने त्यांना थांबवलं. बाने टोपी काढली, क्रूसाकडे बघितलं आणि त्याचे ओठ हलायला लागले.

आवाज नाही. गाव तिष्ठत उभं. पहिलं नाव झालं की नाही, उत्तर कधी द्यायचं, कोणाला काही कळेना. पोरं खुसुखुसु हसायला लागली. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे बसवा रे त्याला, बिचारा." माझ्या हातात चण्यांचं पातेलं होतं. मी बघत होते. लहानपणापासून मी त्याच्या पाठीमागे उभी राहिलेली, प्रत्येक नाव संपलं की त्याचे खांदे वर जातात आणि तो श्वास घेतो, हे मला पाठ होतं. आता तो श्वास तोंडातून येत नव्हता. गळ्यातल्या भोकातून सूं करून यायचा. खांदे वर गेले. सूं झालं.

मी उत्तर दिलं. एकटीने, बाच्या आवाजात, धक्क्यापर्यंत ऐकू जाईल असं. आणि कसं झालं कोण जाणे, लॅटिन आलंच नाही. तोंडातून निघालं ते मराठी: आमच्यासाठी विनंती कर!

लोकांनी वळून बघितलं. बा वळला नाही. त्याचे ओठ हलले, खांदे वर गेले, सूं झालं, आणि या वेळी माझ्याबरोबर आय होती. त्याच्या पुढच्या नावाला शेजारच्या दोघीतिघी. मग सगळं गाव त्या बारीकशा आवाजाला कान लावून उभं राहिलं. एवढं शांत गाव मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. फादरना जे चहा पिऊन पिऊन जमलं नव्हतं ते गाव करत होतं, मराठीत उत्तर देत होतं, आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. शेवटच्या नावापर्यंत एकदाही चुकलं नाही.

नंतर बा पायरीवर बसून चणे खात होता. घामाने भिजला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. विचारायचं ते विचारलंच, गप्प बसवेना मला. "बा, खरं सांग. लॅटिनमध्ये म्हणत होतास, की तुझ्या शब्दांत?"

त्याने चणे गिळले, तोंड पुसलं आणि माझ्याकडे तोंड करून, मला नीट दिसेल असे सावकाश ओठ हलवले.

"त्याला ठावा हाय."